मोटारीतील गाणी आणि पिवळ्या तारा

उत्तर कन्नड जिल्ह्याच्या जोयडा तालुक्यात, सह्याद्रीच्या माथ्यावर आणि गोव्याच्या सीमेलगत दिग्गी नावाचे गाव आहे. काळी नदीचा उगम याच परिसरातला. येथून निघालेली ही नदी १८४ किलोमीटरांचा प्रवास करून कारवारजवळ समुद्रास मिळते. भोवताली दाट अरण्य, वळणावळणांचा रस्ता, पावसाळ्यात धुवाधार पाऊस आणि मोठे रुग्णालय गाठावयाचे म्हणजे कारवार किंवा बेळगावपर्यंतचा लांबचा प्रवास, अशी या भागाची परिस्थिती. गेल्या उन्हाळ्यात कार्यालयातील एका सहकाऱ्याच्या आजोळी लग्नकार्य होते, त्यानिमित्त प्रस्तुत लेखकास तेथे जाण्याचा योग आला.

अंगणात एक लहान पांढरी मोटार उभी होती. तिचे चारही दरवाजे उघडे टाकून गाणी चालू होती आणि मुले भोवती नाचत होती. आवाज थोडा कमी करावा म्हणून मी चालकाच्या जागेवर बसलो, तो समोरच्या तबकडीच्या कोपऱ्यात काळ्या चिकटपट्टीचा एक तुकडा लावलेला दिसला. पट्टीच्या कडेने तांबडा उजेड बाहेर येत होता. पट्टी उचलून पाहिली. खाली बसलेल्या माणसाची आकृती आणि तिच्यापुढे एक गोल, असे चिन्ह असलेला दिवा जळत होता. गाडी सहकाऱ्याच्या मामांची. मी विचारले, ‘मामा, हा दिवा कधीपासून लागतो?’ ते म्हणाले, ‘टेप बसवला तेव्हापासून, साहेब. गाडी चालते, गाणी वाजतात, काही अडत नाही. रात्री डोळ्यांवर येतो म्हणून बसवणाऱ्यानेच पट्टी लावून दिली.’

तो दिवा एअरबॅगचा होता. अपघातसमयी फुगून माणसाचे डोके व छाती वाचविणारी हवेची पिशवी आता काम करील याची शाश्वती राहिलेली नाही, असे ती यंत्रणा आपल्या धन्यास रात्रंदिवस सांगत होती, आणि तिचे तोंड चिकटपट्टीने बंद करण्यात आले होते. मामांचा यात काडीचाही दोष नव्हता. दिव्याचा अर्थ त्यांना कोणी सांगितलाच नव्हता. हा पाठ लिहिण्याचे प्रयोजन एवढेच.

स्वस्त गाडीत आलेली यंत्रणा

पंधरा-वीस वर्षांपूर्वी असा पाठ लिहिण्याची गरज नव्हती, कारण एअरबॅग ही महागड्या गाड्यांची वस्तू होती. आपल्या देशात १ जुलै २०१९ पासून नव्याने तयार होणाऱ्या प्रत्येक मोटारीत चालकासाठी एअरबॅग सक्तीची झाली. चालकाशेजारच्या प्रवाशासाठी ती १ एप्रिल २०२१ पासून नव्या नमुन्यांना लागू झाली. आधीपासून बाजारात असलेल्या नमुन्यांना ३१ ऑगस्ट २०२१ ही मुदत दिली होती, ती पुढे ३१ डिसेंबरपर्यंत वाढविण्यात आली. सहा एअरबॅगांच्या सक्तीचा मसुदा जानेवारी २०२२ मध्ये निघाला, पुढे ती सक्ती झाली नाही. तरीही मारुती सुझुकीने मे २०२५ मध्ये अल्टो के१०, वॅगन आर, सेलेरियो आणि ईको या आपल्या गाड्यांच्या सर्व प्रतींत सहा एअरबॅगा देण्याचे जाहीर केले. खेड्यापाड्यांतून प्रवासी नेणारी, बाजाराचा माल वाहणारी ईको म्हणजे काही श्रीमंताची गाडी नव्हे.

आता याची दुसरी बाजू पाहा. गाडीची सर्वांत स्वस्त प्रत घेतली की तीत एअरबॅगा असतात, कारण त्या कायद्याने द्याव्याच लागतात. टेप मात्र बहुधा नसतो, कारण तो कायद्याने द्यावा लागत नाही. म्हणजे ज्याने पै-पै जोडून गाडी घेतली तोच टेप बसविण्यासाठी बाजारातील दुकानात जातो, आणि तेथील कारागिराचा हात नेमका त्या नाजूक यंत्रणेच्या शेजारी फिरतो. महाग प्रत घेणाऱ्याच्या गाडीत हे काम कारखान्यातच झालेले असते. विमा, रुग्णालय आणि वेळ या तिन्हींच्या दृष्टीने ज्याला अपघात अधिक महागात पडेल, त्याच्याच एअरबॅगेला हा धोका अधिक, अशी ही उलटी स्थिती आहे.

पिशवी कशी फुगते

डॅशबोर्डाच्या मधोमध, टेपच्या खोबणीच्या खाली, गिअरच्या दांड्याच्या आसपास जमिनीच्या पत्र्यास घट्ट आवळलेली एक लहानशी पेटी बहुतेक गाड्यांत असते. ती एअरबॅगची नियंत्रक पेटी. गाडीचा वेग किती झपाट्याने घटतो आहे हे तिच्या आतील संवेदक सतत मोजत असतो. गाडी खड्ड्यात आदळली, दार धाडकन लावले, तर पेटी स्वस्थ राहते. धडक खरी आहे अशी तिची खात्री पटली की ती स्टिअरिंगमधील व डॅशबोर्डमधील बारीक प्रज्वलकाकडे वीज सोडते. त्या ठिणगीने तेथील रसायन पेटते, त्यातून वायू निघतो आणि पिशवी भरते. धडक ओळखण्यापासून पिशवी भरेपर्यंत सारे मिळून एका सेकंदाचा सुमारे विसावा हिस्सा लागतो. पापणी लवण्यासही याहून अधिक वेळ लागतो. लगेच पिशवीच्या मागील छिद्रांतून वायू निघून ती सैल पडते.

शिक्षकांना वर्गात याचे तत्त्व सहज दाखविता येईल. दोन विद्यार्थ्यांनी चादरीची वरची दोन टोके उंच धरावी, दोघांनी खालची टोके थोडी पुढे घेऊन झोळ करावा, आणि पाचव्याने कच्चे अंडे जोराने चादरीवर फेकावे. अंडे फुटत नाही. तेच भिंतीवर फेकले तर काय होते हे सांगावयास नको. वेग दोन्हीकडे सारखाच, थांबण्यास मिळालेला वेळ मात्र निराळा.

परंतु एअरबॅग ही मऊ उशी नव्हे हेही त्याच तासाला सांगितले पाहिजे. ती बाहेर येताना तिचा वेग ताशी २०० किलोमीटरहून अधिक असतो. डिसेंबर २०२४ मध्ये नवी मुंबईत वाशी येथे पुढच्या आसनावर बसलेले सहा वर्षांचे एक बालक, अपघातात एअरबॅग उघडल्यानंतर अंतर्गत इजा होऊन दगावले. लहान मुलांना मागेच बसवावे, चालकाची छाती आणि स्टिअरिंग यांत निदान २५ सेंटिमीटर अंतर असावे आणि प्रत्येकाचा पट्टा लावलेला असावा, हे नियम या वेगामुळेच आहेत. पट्टा नसेल तर माणूस पिशवी भरण्यापूर्वीच तिच्यावर जाऊन आदळतो. मागे बसणाऱ्यांचेही तेच. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांच्या मोटारीस अपघात झाला. गाडी उत्तम बनावटीची होती. मागील आसनांवरील दोघांनी पट्टे लावले नव्हते, ते दोघेही मृत्यू पावले. पट्टे लावलेले पुढचे दोघे जबर जखमी झाले, पण वाचले.

या यंत्रणेच्या तारा ओळखता याव्यात म्हणून जवळजवळ सर्व कंपन्या त्यांना पिवळे वेष्टन किंवा पिवळे कपलर देतात. गाडीत पिवळे कपलर दिसले की हात आखडता घ्यावा, एवढे वायरमनच्या शिकाऊ पोरालाही ठाऊक असले पाहिजे. (विजेवर चालणाऱ्या गाड्यांतील नारिंगी तारांची गोष्ट वेगळी. त्यांत जिवावर बेतणारा उच्च दाब असतो.)

कारागिराच्या हातून काय बिघडते

एक गैरसमज आधी दूर करणे इष्ट. ‘बास जोरात वाजवला तर हादऱ्याने पिशवी फुटेल काय?’ असा प्रश्न दिग्गीच्या त्या अंगणातही निघाला. तसे होत नाही. नियंत्रक पेटी गाण्याच्या हादऱ्यास फसत नाही. चुकीच्या कामामुळे पिशवी अवचित फुटण्याचे प्रसंगही विरळाच. खरा धोका याच्या नेमका उलट आहे. पेटी गाडी सुरू होताना व चालू असताना आपल्या सर्व तारा तपासत असते. कोठे तार तुटली, जोड सैल झाला, रोध कमीजास्त झाला, तर ती तांबडा दिवा लावते आणि पुष्कळदा यंत्रणेचा तो भाग किंवा सारी यंत्रणाच बंद ठेवते. त्यानंतर गाडी वर्षभर सुखाने चालेल. ज्या दिवशी गरज पडेल त्या दिवशी पिशवी उघडणार नाही.

मामांच्या गाडीत हेच घडले होते. लग्नानंतर त्यांनी ती कंपनीच्या अधिकृत कार्यशाळेत नेली. टेपची अर्थिंग, म्हणजे ऋण तार, जोडण्यासाठी बसविणाऱ्याने जवळात जवळचा बोल्ट शोधला होता, आणि तो बोल्ट नियंत्रक पेटीचाच निघाला. तारेची टाचणी खाली सरकवून बोल्ट पुन्हा आवळला, तो पुरता बसला नाही. वास्तविक ही पेटी गाडीच्या पत्र्याशी अगदी एकजीव असावी लागते. सैल बसलेल्या पेटीस धडक उशिरा किंवा चुकीची कळते, शिवाय काही गाड्यांत तिची स्वतःची अर्थिंगही त्याच बोल्टातून जाते. काम अर्ध्या तासाचे होते. तार दुसरीकडे नेली, बोल्ट कंपनीने सांगितलेल्या मापाने आवळला, पेटीत नोंदला गेलेला दोष पुसला, आणि दिवा गेला.

दुसरी चूक चाचणी-दिव्याची. जुन्या पद्धतीचा वायरमन एका बल्बाला दोन तारा लावून ‘करंट आहे का’ हे पाहतो. पूर्वीच्या जीपगाड्यांत ते चालून जाई. मी नोकरीस लागलो तेव्हा प्रसिद्धीच्या जीपवर कर्णे चढवून ध्वनिवर्धकाची तार मिळेल तेथे चिमट्याने लावत असू, आणि त्यात भिण्यासारखे काही नव्हते. आता हिशेब करून पाहा. इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब १२ व्होल्टवर २१ भागिले १२, म्हणजे सुमारे पावणेदोन अँपिअर वीज घेतो. एअरबॅगचा प्रज्वलक पेटण्यास एका अँपिअरहून थोडी अधिक वीज, तीही सेकंदाच्या काही सहस्रांशांपुरती, पुरते. असा बल्ब पिवळ्या तारेस लावणे म्हणजे आगकाडी ओढून दारूच्या नळ्यात डोकावण्यासारखे आहे. साध्या मीटरने या तारांचा रोध मोजण्यासही कंपन्यांची मनाई आहे, कारण रोध मोजताना मीटर स्वतःच वीज सोडतो.

बॅटरीचा खांब सोडला म्हणजे सारे निर्धोक झाले, असेही समजू नये. धडकेत बॅटरी तुटली तरी पिशवी उघडावी म्हणून नियंत्रक पेटीत थोडी वीज साठविलेली असते. खांब सोडल्यावर ती उतरण्यास वेळ द्यावा लागतो. कोणती कंपनी एक मिनिट सांगते, कोणती तीन, कोणती त्याहूनही अधिक. गाडीसोबत मिळालेल्या पुस्तिकेत आकडा असतो. किल्ली काढावी, ऋण खांब प्रथम सोडावा, सांगितलेला वेळ घड्याळ लावून थांबावे, आणि काम पुरे होऊन सर्व कपलर परत बसेपर्यंत किल्ली फिरवू नये. एखादे पिवळे कपलर सुटलेले असताना किल्ली फिरविली की पेटीत दोष नोंदला जातो आणि दिवा लागून राहतो.

आसनाखाली बसविण्याचा चपटा बास अलीकडे फार खपतो. पुढच्या आसनाखाली पट्ट्याच्या व बाजूच्या एअरबॅगच्या तारा असतात. आसन पुढेमागे सरकताना त्या बासाच्या कडेवर घासतात किंवा कपलर ओढले जाते. सहा एअरबॅगांच्या गाड्यांत पुढच्या आसनाच्या पाठीतून एक पिशवी बाहेर येते आणि छताच्या कडेने पडद्यासारखी दुसरी खाली उतरते. पुढच्या काचेलगतच्या खांबावर बारीक स्पीकर बसविण्याची जी फॅशन आहे, तीत तार बहुधा याच पडद्यावरून नेली जाते, आणि पडदा उघडला तर स्पीकर प्रवाशाच्या तोंडावर येतो. आसनाची पाठ सर्व बाजूंनी शिवून बंद करणारे आवरणही त्याच कारणाने त्याज्य. काही गाड्यांत बाजूची धडक ओळखणारा संवेदक दाराच्या पोकळीतील हवेचा दाब मोजतो. मोठा स्पीकर मावावा म्हणून दाराचा आतला पत्रा कापला की हवा भलतीकडून निसटते आणि संवेदकाचा अंदाज चुकतो. हे मात्र सामान्य कारागिरास दिसून कळण्यासारखे नाही, म्हणून पत्रा कापू देऊच नये.

टेपची बटणे स्टिअरिंगवर असावीत या हौसेपोटी काही जण वरच्या प्रतीच्या गाडीचे जुने स्टिअरिंग बाजारातून आणून बसवितात. त्यासाठी चालकाची एअरबॅग उतरवावी लागते, आणि तिच्यामागील घड्याळाच्या कमानीसारखी गुंडाळलेली पट्टी-तार थोडी चुकीची फिरली तरी तुटते. एवढा जुगार चार बटणांसाठी कोणी का खेळावा हे मला उमगलेले नाही.

डॅशबोर्डावर डावीकडे जेथे एअरबॅगचे झाकण असते, तेथे गणपतीची मूर्ती चिकटविण्याचा प्रघात सर्वत्र आहे. मोबाइलची बैठक, अत्तराची बाटली, कधी बाहेर आलेला नऊ-दहा इंची पडदाही तेथे दिसतो. भावना दुखविण्याचा हेतू नाही, पण झाकण उघडताच ती मूर्ती दगडासारखी सुटते. देवाला तबकडीच्या उजव्या कोपऱ्यात किंवा मधोमध, झाकणापासून दूर बसवावे.

वॅट आणि फ्यूज

पेटीवरील आकड्यांविषयी थोडे. ‘चार गुणिले पन्नास वॅट’ असे छापलेल्या टेपच्या पाठीमागे पुष्कळदा १० अँपिअरचा फ्यूज असतो. १२ गुणिले १० म्हणजे १२० वॅट. मग २०० वॅट आले कोठून? सातवीच्या विद्यार्थ्यास हा हिशेब घालून पाहावा. तो आकडा क्षणभराच्या शिखराचा असतो, नित्याचा नव्हे. मात्र वेगळा ॲम्प्लिफायर घेतला की खरोखरच ३०-४० अँपिअर वीज लागू शकते. त्यासाठी बॅटरीपासून थेट जाड तार, आणि तिच्यावर बॅटरीपासून हात-अर्ध्या हाताच्या आत फ्यूज पाहिजे. हा फ्यूज टेपजवळ लावला तर मधली तार घासून पत्र्यास लागल्यास आग लागते, कारण फ्यूजच्या अलीकडे तिला कोणी रोखणारे नसते. डोंगरी भागात ओलाव्याने जोड गंजतात आणि उभ्या गाडीत उंदीर तारा कुरतडतात, त्यामुळे ही काळजी दुप्पट घ्यावी. वीज घेण्यासाठी फ्यूजपेटीतील ‘एसआरएस’ किंवा ‘एअरबॅग’ असे लिहिलेल्या जागेला स्पर्शही करू नये. डिकीतील बेस ट्यूब पट्ट्याने बांधलेली असावी. ती मोकळी असेल तर धडकेत पुढे येते.

कायद्याविषयी विचारणा होते. टेप बदलणे हा गुन्हा नव्हे. परंतु मोटार वाहन अधिनियम, १९८८ चे कलम ५२ गाडीच्या मूळ रचनेत मनमानी फेरफार करू देत नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक फेरफारास पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. गाडीपुढे बसविण्यात येणारा लोखंडी कठडा डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय मंत्रालयाने याच कलमाचा आधार घेऊन बेकायदा ठरविला. तो कठडाही धडकेचा जोर भलत्याच मार्गाने वळवून एअरबॅगच्या संवेदकास चकवितो.

दिव्याची परीक्षा

ही परीक्षा निरक्षर माणसासही करता येते. किल्ली फिरवावी, इंजिन सुरू करू नये. एअरबॅगचा दिवा लागला पाहिजे आणि साधारण सहा-सात सेकंदांत विझला पाहिजे. विझला नाही तर यंत्रणेत दोष आहे. तो मुळी लागलाच नाही तर अधिक संशय घ्यावा, कारण दिव्याचा बल्ब काढून टाकलेला असतो किंवा त्यावर काही चिकटविलेले असते. जुनी गाडी विकत घेताना तर हे अवश्य पाहावे. दोन ओहमचा एक स्वस्त रोध एअरबॅगच्या जागी जोडून दिवा विझविणारे महाभाग बाजारात आहेत. अशा गाडीत दिवा अगदी शहाण्यासारखा लागतो आणि विझतो, पण आत पिशवी नसते. म्हणून स्टिअरिंगचे व डॅशबोर्डाचे झाकण उचकटलेले, नव्याने चिकटविलेले किंवा रंग निराळा असलेले दिसले तर अधिकृत कार्यशाळेत संगणक लावून तपासणी करून घ्यावी, मगच पैसे द्यावेत.

टेप बसविण्यास गाडी देताना दुकानदारास ‘कपलर टू कपलर’ काम सांगावे, म्हणजे मूळ तार न कापता तयार जोडतारेने टेप जोडावा. आपल्या गाडीच्या नमुन्याचा असा कपलर मिळतो का, हे आधी विचारावे. मिळत नसेल तर थांबावे, किंवा कंपनीच्या विक्रेत्याकडून टेप बसवून घ्यावा. तेथे चार पैसे अधिक पडतील. काम चालू असताना जवळ उभे राहण्यास संकोचू नये. गाडी देण्यापूर्वी आणि ताब्यात घेताना, दोन्ही वेळा दुकानदाराच्या समक्ष दिव्याची परीक्षा करावी. पावतीवर तीन गोष्टी लिहून घ्याव्यात: धन तार कोठून घेतली, अर्थिंग कोठे दिली, आणि दिवा सहा सेकंदांत विझला. ही पावती गाडीच्या कागदपत्रांत ठेवावी. पुढे दिवा लागलाच, तर कार्यशाळेतील माणसास शोध कोठून सुरू करावा हे तिच्यावरूनच कळते.